पंच्याखालचा हात

बसा मास्तर. खुर्ची डुगडुगते, जरा भिंतीला टेकवून बसा. तुम्ही विचारलंत की वाचनालयात पोरांना पुस्तकावर बोलायची गोडी मी कशी लावली, तर सांगतो. सगळं सांगतो, पण माझ्या पद्धतीनं. मी चार बुकं शिकलेला माणूस, त्यातलं एक पावसात भिजलं. सरळ रेघेत मला काय सांगता येत नाय. आणि गोष्ट गमतीची हाय असं समजून आला असाल, तर अर्धी गमतीची हाय. उरलेल्या अर्ध्यासाठी बायकोला, लंकाला, चहा टाकायला सांगितलाय.

परवा शालिमार चौकात उभा होतो. चप्पल शिवायला टाकली होती, एक पाय चपलीत, एक पाय डांबरावर. तेवढ्यात भोंगा लावलेली रिक्षा आली. मैदानावर सर्कस आलीय, तिचा पुकारा. सहकुटुंब सहपरिवार या, असं ते आपलं नेहमीचं. पण आवाज बघा मास्तर, आवाज असा की चणेवाला हात थांबवून ऐकायला लागला. प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. मी मनात म्हणलं, कुण्या चांगल्या घरचं पोरगं असंल, शिकलेलं, आईबापांनी लक्ष दिलेलं. रिक्षा माझ्यासमोरून वळली, आणि आत माईक तोंडाशी धरून आमचा सावळ्या बसलेला. सावळीराम. माझ्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी जेवून मोठा झालेला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाय. डोळ्यांनी दिसला तेव्हा कळलं. पाय डांबरावर भाजत होता, तेही मला मागाहून कळलं. लोक धक्का देऊन जात होते आणि मी तिथंच. मला एवढंच सुचत होतं की ज्या पोरानं एक शब्द बोलावा म्हणून मी जीव टाकला, ते पोरगं सगळ्या नाशकाला ऐकू जातंय, आणि मी म्हणतोय, कुणाचं हे.

त्याची आई गोजरा. माझ्या पाठची. पेठच्या डोंगरात दिली होती. नवरा कामाला म्हणून गुजरातेकडं गेला तो परत आलाच नाय. मायलेक दोघंच झोपडीत. मी तेव्हा घोटीच्या बैलबाजारात दलालाच्या हाताखाली. निरोप आला तेव्हा मी एका खोंडाचं तोंड उघडून दात बघत होतो. पेठला पोचलो तोवर शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं. तिचं मला काय दिसलं नाय, ना तोंड, ना हात. शेजारची अक्काबाई म्हणली, तापानं गेली, आम्ही सकाळी बघितलं, पोरगं उंबऱ्यात बसलेलं होतं, दातावर दात. म्हणजे गोजरा गेली तेव्हा घरात हे पोरगंच. तिनं पाणी मागितलं का, माझं नाव घेतलं का, तळमळली का नुसती विझली, हे जगात एकाच जीवाला ठाऊक, आणि तो जीव एवढासा, आणि तो बोलायचा बंद झालेला. मुका नाय बरं का. भाकर दे म्हणायचा, जातो म्हणायचा. पण आतलं कवाड लागलं होतं. मी विचारलं की डोळे कोरडे करून बघायचा, जसं वासरू अनोळखी माणसाकडं बघतं. लंका मला म्हणायची, नका खोदू, पिकलं की आपोआप फुटंल. मी म्हणायचो, आत पिकून पोरगं मरंल. आणि खरं सांगू, मला त्याच्यासाठी पाहिजे होतं का माझ्यासाठी, हे मला अजून निवडता आलेलं नाय. माझी बहीण कशी गेली, एवढं मला पाहिजे होतं. अजून पाहिजे.

बहात्तरच्या दुष्काळात बैलबाजार बसला. चाराच नाय तर बैल कोण घेतो. आम्ही नाशकाला आलो. कॉलनीत विहाराच्या मागं ही खोली, हीच, जिथं आपण बसलोय. तिचं वाचनालय केलेलं, आणि झाडायला, कुलूप लावायला, पुस्तकं द्यायला माणूस पाहिजे होता. जयराम सर सेक्रेटरी. कचेरीत कारकून, पण मनानं मोठा माणूस, पदरमोड करून पुस्तकं आणायचे. दर रविवारी पोरं गोळा करायचे आणि विचारायचे, सांगा मुलांनो, या पुस्तकातून तुम्ही काय बोध घेतला. पोरं उभी राहून सांगायची, खरं बोलावं, आईवडिलांचं ऐकावं. कुठलंही पुस्तक असो, बोध तोच. एकदा मंगळूनं, बघा, तो आता नोटांच्या प्रेसवर हाय, त्यानं रेल्वेचं टायमटेबल हातात धरून तोच बोध सांगितला. सर चष्मा पुसत बसले. दुसऱ्या रविवारी पोरं खिडकीतून पसार. मी केरसुणी घेऊन दारात होतो. म्हणलं, सर, रागावू नका, पण तुम्ही बैल उलटा विकताय.

घोटीच्या बाजारात, मास्तर, जो बैल आपल्याला घ्यायचाय त्याचं कुणी कौतुक करत नाय. आधी खोड काढायची. दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचा, मागल्या पायात लंगडतो का, मारका हाय का, निम्म्या वावरात बसतो का. जो नुसता चांगला चांगला म्हणतो तो गिऱ्हाईक नव्हे, तो रिकामटेकडा. मी पोरांना म्हणलं, हे पुस्तक म्हणजे बैल. उद्याच्याला घेऊन जा, चालवून आणा, आणि रविवारी मला याची खोड सांगा. खोड काढल्याशिवाय कुणी चांगलं म्हणायचं नाय. अहो, काय सांगू. जी पोरं पान उलटत नव्हती ती खोड शोधायला शेवटपर्यंत वाचून आली. फकिरा म्हणला, मामा, हा बैल बशा हाय, निम्म्यात आला की बसला, राजा नुसता बागेत फिरतो. मंगळू म्हणला, शेपूट पिरगाळायला पाहिजे, तिथं एक वाघ सोडायचा. दुसरा म्हणला, बैल बरा हाय पण मालक लबाड, पहिल्या पानावर चोर दाखवला आणि मग विसरून गेला. भांडणं लागायची. हसून हसून पोरं सतरंजीवर लोळायची. विहारातल्या बाया डोकावून जायच्या, की वाचनालयात बाजार कसला भरलाय. जयराम सर आधी घाबरले, मग तेही खोड काढायला लागले.

आणि शेवटी पंचा. बाजारात भाव तोंडानं सांगत नाय. दलालाच्या पंच्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबायची. दाबणाऱ्याला आणि दलालाला ठाऊक, बाकी सगळं गाव नुसतं पंचा हलताना बघतं. मी तेच केलं. भांडण झालं की एकेकानं पंच्याखाली माझ्या हातात हात द्यायचा. पुस्तक मनापासून आवडलं तर पाच बोटं, नाय तर जेवढं वाटंल तेवढी. तोंडानं शिव्या घालणारं पोरगं खाली पाच बोटं दाबायचं. मोठ्यानं वाहवा करणारं एक बोट नुसतं टेकवायचं. मी कधी कुणाचं सांगितलं नाय. दलालानं तोंड उघडलं की बाजार मोडला. हात खोटं बोलत नाय, मास्तर. तोंडाला सवय असते, हाताला नसते. पन्नास बैलवाल्यांचे हात धरलेत मी. घाम कुठला भीतीचा आणि कुठला उन्हाचा, ते कळतं.

सावळ्या दारापाशी बसायचा. सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं, पण हे मी कुणाला म्हणलं नाय. त्याची पाळी आली की हात घालायचा. गार हात. ओल्या पंच्यासारखा. बोट नाय दाबायचं, काय नाय, नुसता ठेवायचा आणि काढून घ्यायचा. मी चेहऱ्यावर दाखवायचो नाय. पुढच्याला म्हणायचो, चल रे. असे किती रविवार गेले. पण येत होता. वाचतही होता. चुलीच्या उजेडात पुस्तक धरायचा, लंका ओरडायची, पान जाळशील. मी आतून बघत राहायचो की याचे ओठ हलतात का.

मग ते होडीवालं पुस्तक आलं. नाव नाय आठवत, पुठ्ठ्यावर होडी होती. नावाड्याचं पोरगं, आणि त्याची आई तापानं जाते. सर ते घेऊन आले तेव्हा मला ठाऊक नव्हतं आत काय हाय, नायतर दडवलं असतं. त्या गोष्टीत आई गेली त्याच दिवशी ते पोरगं शेजारच्या घरी जातं, भाकर मागतं आणि पोटभर खातं. का, ते लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाय. झालं, पोरांना खोड सापडली. फकिरा म्हणला, असला कसला पोरगा, आई मेली न् हा भाकर खातो. मंगळू म्हणला, लिहिणाऱ्याचं डोकं फिरलंय, इथं पोरगं रडायला पाहिजे. सगळे म्हणले, खोटं हाय, असं कोण करतं. मी दाराकडं बघितलं नाय. बघायची हिंमत नव्हती. पंचा पसरला. एकेक हात आला, एक बोट, दोन बोटं, मग तो गार हात आला. आणि त्यानं माझा हात धरला. पाचही बोटांनी. दाबला नाय, धरला, जसं बुडणारं माणूस धरतं, आणि सोडीना. आणि तोंडानं म्हणला, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं:

"त्याला भूक लागली होती."

कुणी हसलं नाय. मंगळूसुद्धा नाय. नंतर मी कुलूप लावलं आणि आम्ही दोघं घरी निघालो. हातात हात नव्हता आता, पण तो माझ्या बाजूनं चालत होता, मागनं नाय. वळणावर म्हणला, "मामा, भात खाली लागला होता." मालक एकदा दावं सैल सोडायला लागला की दलालानं ओढायचं नसतं. ओढलं की गाठ बसते. थांबायचं. मी थांबलो. ते वाक्य घेऊन मी आजपर्यंत फिरतोय. भात कुणी ठेवला होता? गोजरानं तापात उठून ठेवला आणि आडवी झाली? का ती गेल्यावर यानं ठेवला? लागलेला भात यानं तिच्याशेजारी बसून खाल्ला का? मला वास येतो त्या भाताचा. लंकाच्या हातून कधी भात लागला तर मी ताटावरून उठतो, आणि तिला वाटतं मी रागावलो. म्हणलं, येईल, उरलेलं येईल. उद्या येईल, परवा येईल. फुटलंय एकदा तर वाहून जाईल सगळं.

पण ते वाक्य जयराम सरांनीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सायकलवरून घरी आले, डोळे भरलेले. म्हणले, धोंडीराम, लेकरू बोललं. अरे, असं बोलणारं पोरगं आपल्या वस्तीत हाय आणि कुणाला ठाऊक नाय. जयंती जवळ आली होती. सरांनी ठरवलं, यंदा स्टेजवर पोरांची पुस्तकचर्चा, बक्षीस ठेवून, माईक लावून. आणि सावळीराम आईवर बोलणार. मी म्हणलं, सर, अजून कच्चं हाय, पिकू द्या. ते म्हणले, अरे वेड्या, टाळ्या मिळाल्या की पोरगं खुलतं, मी बघितलंय. भाषण त्यांनी लिहिलं. सुंदर लिहिलं, खोटं कशाला बोलू. भूक मात्र काढली. मला बाजूला घेऊन म्हणले, भूक लागली म्हणलं तर लोक पोराला नावं ठेवतील, की आई मेली न् याला खायचं सुचलं. पोराला जपलं त्यांनी. भुकेच्या जागी अश्रू घातले. मरणाऱ्या आईच्या तोंडी वाक्य घातलं, बाळा, शीक, मोठा हो, समाजाचं नाव काढ. पोरगं रोज संध्याकाळी सरांच्या घरी जायचं, आणि पाठ करून यायचं. हात कुठं उचलायचा, कुठं थांबायचं, आवाज कुठं भरून आणायचा. घरी आला की थकलेला. त्या दिवसांत तो माझ्याशी बोलायच्या बेतात असायचा आणि मग ओठ हलायचे ते भाषणाचे. मी ओळखायचो. आत एक सुरू व्हायचं आणि वरून दुसरं यायचं, जसं नदीला पूर आला की विहिरीचं पाणी कुठलं ते कळत नाय.

जयंतीला सगळी कॉलनी मैदानात. सावळ्या नव्या सदऱ्यात माईकपुढं उभा राहिला आणि बोलला. एक शब्द चुकला नाय. बाया पदर डोळ्याला लावून बसल्या, लंका हुंदके देऊन रडली. म्हातारेसुद्धा रडले. मी त्याचे हात बघत होतो. हात बरोबर जागेवर उचलत होते. पहिलं बक्षीस, स्टीलचा पेला. सरांनी त्याला उचलून घेतलं. घरी आलो तर पोरगं बोलत होतं, खूप बोलत होतं, किती लोक होते, कुणी काय म्हणलं. लंका म्हणली, बघा, फुटलं ना शेवटी. मी म्हणलं, हो. मग मी पंचा पुढं केला, मस्करीत केल्यासारखा. त्यानं हात घातला, पाच बोटं खटकन दाबली, आणि हसला. बक्षिसासारखी दाबली. हात गरम होता आणि त्यात कुणी नव्हतं.

त्यानंतर रविवारी पोरं यायची ती म्हणायची, सर, मला पण भाषण लिहून द्या. खोड काढायला कुणी तयार होईना, खोडीला बक्षीस नाय. मंगळूनं न वाचलेल्या पुस्तकावर इतकं गोड भाषण पाठ केलं की मलाच ते पुस्तक न्यावंसं वाटलं. मी पंचा पसरायचो तर सगळी पाच बोटं. पाच, पाच, पाच. बाजारात असं झालं की समजायचं, सगळे आधी बाहेर ठरवून आलेत. मग मी पंचा खांद्यावर टाकला तो टाकला. पुढं टीव्ही आला, तेव्हा लोक म्हणले, टीव्हीनं वाचनालय खाल्लं. मेलेल्या बैलाला कोल्ह्यानं मारलं असं म्हणण्यापैकी. जयराम सर गेले मागच्या साली. शेवटपर्यंत सांगायचे, सावळीराम माझं सोनं. आणि सावळ्या मोठा झाला तो माईकपाशीच. कुणाचं लग्न असो, मयताची शोकसभा असो, निवडणूक असो, सावळीरामला बोलवा. आता रिक्षा. साड्यांचा सेल, सर्कस, हरवलेलं मूल. पोट भरतं. पोरगं वाईट नाय मास्तर. सणाला येतो, मामीला पातळ आणतो, माझ्या पायाला हात लावतो.

परवाही लावला. शालिमारला रिक्षा थांबवून उतरला, मला एका पायावर उभा बघून हसला, चपलीचं त्यानंच चुकतं केलं, चहाला नेलं. म्हणला, मामा, प्रकृतीची काळजी घ्या, तुम्ही आमचे आधारवड. आणि थोडा थांबला. टाळीपुरता थांबला. चहाच्या टपरीवर. त्याला ठाऊकही नव्हतं थांबल्याचं. मला काय झालं कुणास ठाऊक, इतकी वर्षं ओढलं नव्हतं, त्या दिवशी ओढलं. वय झालं, मास्तर. किती थांबायचं. म्हणलं, "सावळ्या, तुझी आई गेली त्या दिवशी काय म्हणली रं?"

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, अगदी खरं बघितलं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला वाटलं, आलं. आता आलं. आणि म्हणला, "मामा, आईनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, बाळा, शीक, मोठा हो, समाजाचं नाव काढ."

गोजरा असली बाई नव्हती. जन्मात कुणाला बाळा म्हणली नाय. लय माया आली तर मुडद्या म्हणायची. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो, की कुठं तरी सापडंल, हा मला टाळतोय, हा लपवतोय. लपवलेलं असतं तर बरं झालं असतं हो. लपवलेलं सापडतं कधी तरी. तो लपवत नव्हता. त्याला तेच आठवत होतं. मी हळूच विचारलं, आणि भात? भात कसा लागला होता रं? तर म्हणला, "कुठला भात, मामा?" टपरीवाला डोळे पुसत होता. त्यानं चहाचे पैसे घेतले नायत. सावळ्या परत रिक्षात बसला, सर्कस पुकारत मेन रोडला वळला, आणि माझी बहीण दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा निदान एक जण जवळ होता.

चहा गार झाला तुमचा. तर पोरांना गोडी कशी लावायची, ते आता तुम्हाला कळलं. अवघड काय नाय, खोड काढायला लावा, भांडू द्या, पंचा माझा घेऊन जा. नवीन खोली, नवीन पोरं, तुम्ही तरणे आहात, कराल. चार रविवारांत पोरं खिडकीतून आत उड्या मारतील. मला एकच दिसतंय, आणि ते दिसायला मला चष्मा लागत नाय. मघाशी मी सावळ्याचं ते भुकेचं वाक्य सांगितलं, तेव्हा तुमचा पेन हलला. बाकी बैलाचं, बशाचं, मंगळूचं तुम्ही नुसतं ऐकलंत. तेवढं उतरवून घेतलंत. तुमचे डोळेही भरले होते, मी बघितलं. उद्या तुम्ही ते शाळेत सांगाल, कुठं छापाल, चांगल्या मनानंच कराल, जयराम सरांचं मनही चांगलंच होतं. पण त्या पोराचं स्वतःचं असं तेवढंच एक वाक्य होतं, मास्तर, आणि आता त्यालाही ते आठवत नाय. खोडा ते. माझ्यासमोर खोडा.